उत्तरेच्या भिंतीवरचे बदक

कुरुविलाच्या थोरल्या नातीचे, जिन्सीचे, लग्न ठरले ते दोन हजार नऊ साल. त्या वर्षी आमच्या चर्चची उत्तरेकडची भिंत तव्यासारखी काळी पडली होती. केरळातल्या आमच्या कुट्टनाडात पाऊस जूनमध्ये येतो, थोडा दम घेतो आणि ऑक्टोबरात गडगडत परत येतो. तेवढ्यात जे जे उभे असेल त्यावर शेवाळ चढते. माणूस फार वेळ एका जागी उभा राहिला तर त्याच्यावरही चढेल. दक्षिणेच्या भिंतीला निदान ऊन लागते. उत्तरेची भिंत बोटीच्या धक्क्याकडे तोंड करून उभी आहे, त्यामुळे गावात उतरणाऱ्याला पहिली दिसते ती तीच.

नोव्हेंबरातल्या सणाआधी चर्च धुण्याचा मान पूर्वीपासून आयांच्या संघाचा. संघाची प्रमुख एली चेडत्ती, म्हणजे कुरुविलाचीच बायको; आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला चेडत्ती म्हणतात, बाप्याला चेट्टा. तिची पद्धत मऊ हाताची होती. ब्लीचिंग पावडर आणि साबणाचे पाणी बादलीत कालवायचे, काथ्याच्या कुंच्याने भिंतीला हलकेच लावायचे आणि घरी निघून जायचे. काळ्याचे तपकिरी होई, तपकिरीचे पिवळे होई, आणि दोन दिवसांनी वरून साध्या नळीने पाणी सोडले की सगळे गुमान खाली उतरे. एली चेडत्तीला हे काम करताना पाहिले की वाटायचे, भिंतीला ताप आला आहे आणि ही कपाळावर पट्ट्या ठेवते आहे.

त्या वर्षी कुरुविला चेट्टा चर्चचा विश्वस्त झाला. विश्वस्त झालेल्या माणसाला काहीतरी नवे केल्याशिवाय झोप लागत नाही. त्याने चंगनाशेरीत बस धुण्याचे मशीन पाहिले होते. त्याच्या तोंडाला पिचकारीसारखी लांब नळी असते आणि तिच्यातून पाणी असे सुटते की चिखल जीव घेऊन पळतो. ते मशीन त्याच्या मेव्हण्याकडे, पौलोसकडे, होते. कुरुविलाने ही गोष्ट चर्चच्या सभेत मांडली.

"दोन दिवस कशाला थांबायचं? एका दुपारीत भिंत पांढरीशुभ्र करून दाखवतो. शेवाळ पळत सुटेल," तो म्हणाला.

"शेवाळामागून भिंतही पळेल," मागच्या बाकावरून एली चेडत्ती म्हणाली.

कुरुविलाने मागे न बघता वेदीकडे हात जोडले. "अच्चन, सभेत बायकांनी मध्ये बोलू नये असा काही नियम आहे का?"

"नाही," मत्तायी अच्चन म्हणाले. आमचे पाद्री ते. "असता तर मी आधी माझ्या आईला लागू केला असता."

"अच्चन, चुन्याचा गिलावा आहे तो," एली चेडत्ती उठून उभी राहिली. "यांच्याच पणजोबांच्या हातचा. भिंत धुवायची आहे, सोलायची नाही."

"मग काय गोंजारत बसायचं? भिंतीला अंगाई म्हणायची?"

"म्हणेन. माझा आवाज तुमच्यापेक्षा बरा आहे."

सभा हसली आणि कुरुविलाचे कान लाल झाले. अच्चनांनी दोघांची मने राखली: दक्षिणेची भिंत आयांच्या संघाने धुवावी, उत्तरेची मशीनने. पुढच्या वर्षी कुठली पद्धत ठेवायची ते सणानंतर बघू.

मने राखली असे अच्चनांना वाटले. एली चेडत्तीने त्या संध्याकाळपासून नवऱ्याशी बोलणे सोडले. जे सांगायचे ते ती दारातल्या शेळीला सांगे. "सांग तुझ्या मालकाला, कप्पा आणि मासे वाढलेत. गार झाले की म्हणतील, गार झाले." कुरुविलाही मग शेळीलाच उत्तर देई. शेळी दोघांचे ऐकून घेई. गावात तिच्याइतके कुणी कुणाचे ऐकून घेत नसे.

इथे एक सांगून ठेवतो. कुरुविलाने लग्नानंतर बायकोचे नाव कधी तोंडाने घेतले नव्हते. घरात 'अगं', बाहेर 'आमची घरातली'. आमच्याकडे त्या वयाचे सगळेच तसे. नाव चालायचे ते नातीत. थोरल्या नातीला बाप्तिस्म्याला आजीचे नाव देतात, म्हणून जिन्सीचे चर्चमधले नाव एली. घरात, कॉलेजात, बोटीवर ती जिन्सीच. लग्न ठरले की तीन रविवार वेदीवरून दोघांची नावे पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का विचारतात, तेव्हा काय ते हे नाव बाहेर येते.

येत्या रविवारी तिचे नाव पहिल्यांदा पुकारले जाणार होते. ते ऐकायला आणि मग जेवायला नवऱ्या मुलाकडची वडील मंडळी येणार होती. कुरुविलाला वाटत होते, बोटीतून उतरताना त्यांना भिंत लखलखीत दिसावी.

शनिवारी मशीन आले. सगळे गाव जेवून आडवे झाल्यावर कुरुविला एकटाच चर्चकडे गेला. लोकांसमोर चालवण्याआधी हात बसवून घ्यावा, एवढाच हेतू. त्याने नळी विहिरीत सोडली, वायर जोडली, बटण दाबले. मशीन अंगात आल्यासारखे घुमू लागले. त्याने पिचकारी भिंतीकडे धरली.

काळ्या भिंतीवर पांढरी रेघ उमटली.

कुरुविला बघतच राहिला. आयुष्यभर त्याने चिखलात काम केले होते. बांध घातले की पाणी ते खाऊन टाकी, नांगरट केली की पाऊस ती मिटवी. आपण हात फिरवला आणि ती खूण तशीच राहिली, असे त्याच्या बाबतीत क्वचितच झाले होते. त्याने आणखी एक रेघ मारली. मग दोन्हींचा क्रूस केला. क्रूस चांगला जमला. मग हाताला काय वाटले कोण जाणे, एक गोल आला, गोलाला चोच आली, खाली पाण्याच्या लाटा आल्या. आणि त्याच्या शेजारी, माणसाच्या उंचीच्या अक्षरांत, हाताने आपल्या मनानेच लिहिले: एली.

तो दोन पावले मागे सरला आणि खूश होऊन बघू लागला. मग आपण काय लिहिले ते त्याने वाचले.

"अरे देवा," तो म्हणाला आणि सगळी भिंत झटकन धुऊन टाकायला पिचकारी उचलली. तेवढ्यात पलीकडच्या शेतावर वीज कडाडली, ट्रान्सफॉर्मरमधून जाळ निघाला आणि मशीन हुंदका देऊन थांबले.

पांढऱ्यावरचे काळे पुसता येते. काळ्यावरचे पांढरे पुसायचे कशाने? कुरुविलाने कालव्याच्या काठचा चिखल आणून अक्षरांना फासला. पाऊस आला आणि चिखल धुऊन गेला. नाव पहिल्यापेक्षा उजळ दिसू लागले. तेवढ्यात संध्याकाळची घंटा वाजवायला चर्चचा सेवक लोनप्पन छत्री घेऊन आला. कुरुविलाने भिंतीला पाठ लावली आणि दोन्ही हात पसरले.

"चेट्टा, काय करताय?"

"टेकलोय जरा."

"हात पसरून?"

"असंच बरं वाटतं."

"अहो, पाऊस पडतोय."

"म्हणूनच टेकलोय. तू घंटा वाजव जा. आणि येताना ती भाताची ताडपत्री घेऊन ये. मशीनने धुतलेली भिंत रात्रभर झाकून ठेवावी लागते."

"असं असतं होय?" लोनप्पनने मान डोलावली. "शिकलेल्या वस्तूंचं सगळंच वेगळं." त्याने ताडपत्री आणली, आणि चेट्टा सांगतील तिकडे तोंड करून दोऱ्या बांधल्या.

घरी आल्यावर कुरुविला शेळीजवळ बसला. वीज सोमवारशिवाय येणार नव्हती. आता एकच उपाय होता, आणि तो स्वयंपाकघरात कप्प्याचे कंद सोलत बसला होता.

"सांग तुझ्या मालकिणीला," तो शेळीला म्हणाला, "बादलीत ब्लीचिंग किती घालतात?"

आतून सुरी थांबली. "मशीनवाल्यांना ब्लीचिंग कशाला हवं म्हणून विचार."

"सहज."

"सहज विचारणाऱ्यांना सांग, दोन दिवस लागतात. उद्या सकाळपर्यंत काही होत नाही. मऊ हाताला वेळ लागतो, म्हणूनच तर त्यांना तो नको होता."

शेळीने मालकाकडे पाहिले आणि पाल्यात तोंड घातले.

रविवारी सकाळी पहिल्या बोटीने नवऱ्याकडची माणसे आली. पुढे मुलाचे थोरले काका, इट्टूप. पोलिसात हवालदार होते. निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी रस्त्यात पडलेल्या केळीच्या सालीलाही ती कुठून आली ते विचारत. बोट धक्क्याला लागली आणि त्याच क्षणी तळ्यावरून वारा आला. ताडपत्रीच्या दोऱ्या तुटल्या, ती फडफडत उडाली आणि नारळीच्या शेंड्यावर जाऊन बसली.

बोटीतले सगळे उभे राहिले.

"एली," इट्टूपकाकांनी मोठ्याने वाचले. मग खिशातून चष्मा काढून पुन्हा वाचले. "एली. हे तर आपल्या होणाऱ्या सुनेचं चर्चमधलं नाव. कुणी लिहिलं?"

कुणाला माहीत नव्हते. आणि माहीत नसले की आमच्या गावात फार माहिती निघते. बोटीचा कंडक्टर सोजन जिन्सीला कॉलेजला जाताना खिडकीची जागा धरून ठेवतो, हे कुणीतरी सांगितले. सोजन सगळ्यांसाठीच जागा धरतो, हे कुणी सांगितले नाही. काहींचा वाद नावाशेजारच्या चित्रावर चालला होता.

"कासव आहे."

"कासवाला चोच?"

"मग होडी. होडीचं नाक आहे ते."

"ज्याने काढलं त्याला धरून विचारू," इट्टूपकाका म्हणाले. "आधी सोजनला बोलवा."

सोजन आला, हातात तिकिटांचे पुडके. "मी? मला लिहायला वेळ आहे का? या बोटीत सुटे पैसे देता देता माझा जन्म चाललाय!"

"आवाज खाली. काल दुपारी कुठे होतास?"

कुरुविला गर्दीच्या मागे उभा राहून आपल्या चपला बघत होता. त्याने ठरवले होते, गप्प राहायचे. आज ना उद्या वीज येईल, भिंत धुतली जाईल, लोक विसरतील. मग त्याला घंटेच्या मनोऱ्याखाली जिन्सी दिसली. नवी साडी नेसलेली, पदराने डोळे पुसत होती. शेजारी एली चेडत्ती तिचा हात धरून उभी होती.

"अप्पच्चा," जिन्सी त्याला म्हणाली, "मी काही केलं नाही हो. ते म्हणतात, आज नाव पुकारायचं नाही. परत जातो म्हणतात."

"कोण परत जातंय?"

"सगळेच. पुढच्या बोटीने."

कुरुविला वळला. चर्चमध्ये गेला आणि पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर बसला.

वीज नसल्यामुळे मत्तायी अच्चनांनी त्या दिवशी सगळी प्रार्थना घसा ताणून म्हटली. शेवटी त्यांनी कागद उचलला, घसा खाकरला आणि नवऱ्या मुलाचे नाव पुकारले. मग मुलीचे, "...आणि या गावची एली. या लग्नाला कुणाची हरकत असल्यास सांगावे."

इट्टूपकाका उभे राहिले. "हरकत नाही अच्चन, चौकशी आहे. भिंतीवरचं नाव कुणाच्या हातचं, ते कळल्याशिवाय आमच्याकडून पुढे काही होणार नाही."

बाहेर नारळीवर ताडपत्री फडफडत होती.

कुरुविला उठला. "माझ्या हातचं," तो म्हणाला.

"कुरुविला चेट्टा?" अच्चनांनी चष्म्यावरून पाहिले. "नातीचं नाव तुम्ही भिंतीवर लिहिलंत?"

"नातीचं नाही लिहिलं."

"मग कुणाचं?"

कुरुविलाने बायकांच्या बाजूला मान वळवली आणि पुन्हा सरळ केली. "ती... तिकडे तिसऱ्या बाकावर बसलीय तिचं."

"तिसऱ्या बाकावर आठ जणी आहेत. नाव घ्या."

"भिंतीवर लिहिलंय ना अच्चन! तिथं वाचून घ्या की!"

पहिले हसू लोनप्पनचे फुटले, घंटेच्या दोरीपाशी. मग सगळ्या चर्चचे. पण इट्टूपकाकांच्या कपाळावरची आठी गेली नाही. "बसा सगळे. चेट्टा, रागावू नका. आजोबा नातीसाठी काहीही अंगावर घेतो. मीही घेईन. बायकोचं नाव आम्ही कुणी तोंडाने घेत नाही, तुम्ही ते माणसाच्या उंचीचं भिंतीवर लिहिलंत, हे कुणाला पटेल?"

"शेजारी बदक काढलंय ना," कुरुविला म्हणाला.

"ते बदक आहे?" तीन-चार बाकांवरून एकदम आवाज आला.

"बदकच. ही बदकवाल्या चांडीची मुलगी. आमच्या शेतातलं भात निघालं की चांडीची बदकं चरायला यायची. बदकांच्या मागून ही बांबूने होडी ढकलत यायची. एकदा सगळी बदकं आमच्या विहिरीत उतरली. आमचा बाप ओरडत होता आणि ही होडीत उभी राहून हसत होती. मी तिथंच होतो, बांधावर." त्याने घाम पुसला. "काल मशीन हातात आलं, हात चालत गेला. पहिली रेघ मारली, मग क्रूस, मग बदक. बदक आलं म्हटल्यावर पुढचं आपोआप आलं. जिन्सीच्या जन्मात आमच्याकडे बदक नव्हतं, काका. विचारा कुणालाही."

इट्टूपकाकांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर त्यांनी लोकांना कबूल करायला लावले होते. एवढी मोठी कबुली कुणी आपण होऊन दिल्याचे त्यांना आठवत नसावे. त्यांनी हळूच स्वतःच्या बायकोकडे पाहिले. ती त्यांच्याकडेच बघत होती, आणि तिच्या नजरेत काहीतरी विचारणा होती. ते घाईने खाली बसले.

"आमची काही चौकशी नाही," ते म्हणाले.

तिसऱ्या बाकावरून एली चेडत्ती उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिने शेळीवाचून नवऱ्याशी तोंड उघडले.

"बदकाची मान एवढी आखूड असते का हो?"

अच्चनांनी चर्चची भिंत खराब केल्याबद्दल कुरुविलाला शिक्षा दिली: सणापर्यंत आयांच्या संघाच्या बादल्या वाहायच्या आणि सांगतील तसे वागायचे. मशीन सोमवारच्या बोटीने पौलोसकडे परत गेले. कुरुविला बादल्या घेऊन एली चेडत्तीच्या मागे उभा राही.

"दाबू नका. लावा नुसतं."

"लावतोय."

"तुम्ही घासताय. सोडा तो कुंचा. आता बसा."

"किती वेळ?"

"भिंत सांगेल."

मी त्या आठवड्यात रोज तिकडून जात होतो. बांधावर चार माणसांना पुरून उरणारा हा गडी, पण काथ्याचा कुंचा हातात घेऊन अवघडून बसलेला असे, एली चेडत्तीने मान हलवेपर्यंत. सणाला दोन्ही भिंती दुधासारख्या झाल्या होत्या. नाव गेले, बदक गेले, क्रूसही गेला. पुढच्या वर्षापासून मऊ हातानेच धुवायचे, असे सभेत ठरले, आणि जिन्सीचे लग्न जानेवारीत झाले. इट्टूपकाका तीनदा जेवले.

एली चेडत्तीचे म्हणणे किती खरे होते, ते पुढच्या पावसाळ्यात कळले. मशीनच्या पाण्याने चुन्याच्या गिलाव्याची वरची गुळगुळीत साय जिथे जिथे सोलली होती, तिथे भिंत खरखरीत झाली होती. शेवाळ पहिले तिथेच धरले. बाकीची भिंत अजून पांढरी होती, आणि जुलै सरता सरता तिच्यावर काळ्या अक्षरांत नाव उमटले: एली. शेजारी बदक. आदल्या वर्षी काळ्यावर पांढरे होते, आता पांढऱ्यावर काळे.

सभेत कुणीतरी म्हणाले, तेवढ्या भागाला नवा गिलावा लावून टाकू. सगळे एली चेडत्तीकडे बघू लागले. गिलाव्याबद्दल तिचाच शब्द चाले.

"खर्च कशाला?" ती म्हणाली. "उत्तरेची भिंत मी बघते."

ती दर वर्षी बघायची. सणाआधी काथ्याच्या कुंच्याने नाव हळूच उतरवायची, आणि दर पावसाळ्यात ते परत यायचे. त्या दिवसांत बोटीतून उतरणाऱ्या नव्या माणसाने काही विचारले, तर सोजन तिकीट फाडता फाडता सांगे, "ते बदक आहे. कासव म्हणू नका, इथली माणसं रागावतात." नाव उमटलेले असे त्या महिन्यांत एली चेडत्ती बाजाराला जाताना जवळचा रस्ता सोडून धक्क्यावरून जाई. हे गावाने पाहिले होते, पण कुणी तिला विचारले नाही.

ती गेली त्या वर्षी, सणाआधी, कुरुविला एकटाच बादली घेऊन आला. ब्लीचिंग किती घालायचे ते आता त्याला माहीत होते. त्याने सगळी भिंत मऊ हाताने लावली, थांबला, दोन दिवसांनी साध्या नळीने उतरवली. नावाच्या आणि बदकाच्या कडेकडेने तेवढा कुंचा वळवला. मग शिडीवर चढून करवंटीच्या तुकड्याने बदकाच्या डोक्यापाशी काहीतरी खरवडत बसला. लोनप्पनने खालून विचारले, "चेट्टा, गिलावा कशाला खराब करताय?" तो म्हणाला, "दुरुस्ती आहे."

पुढच्या पावसाळ्यात शेवाळ चढले तेव्हा बदकाची मान लांब झालेली सगळ्यांनी पाहिली. एली चेडत्ती दोन हजार सोळाच्या ऑक्टोबरात वारली. कुरुविला चेट्टा दोन हजार सतराच्या मे महिन्यात वारला, पाऊस सुरू व्हायच्या आधी.